जुनी उडी, नवा टीव्ही : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं मारिओ, सॉनिक आणि त्यांच्या भावकीतल्या उड्या मारण्याच्या खेळांच्या नव्या आवृत्त्यांविषयी आहेत. चित्र वाईट दिसतं अशी तक्रार थोड्यांची. ‘हाताला वेगळं लागतं’ ही तक्रार जवळजवळ सगळ्यांची. म्हणून उत्तरांत फ्रेम (पडद्यावर एकापाठोपाठ एक येणारं एकेक चित्र) आणि सेकंदांचे आकडे जास्त आहेत.

भावाने अमेरिकेहून निन्टेन्डो स्विच आणला. त्यावर जुना सुपर मारिओ ब्रदर्स आहे, पण सगळं घाईत चाललेलं वाटतं. लहानपणी टीव्ही गेमवर पहिली लेव्हल डोळे मिटून व्हायची, आता दुसऱ्याच खड्ड्यात जातो. नव्या आवृत्तीत वेग वाढवलाय, की आमचंच वय झालं? (सांगली)

वय झालं असेल, पण इथे त्याच्यावर खापर फोडू नका. स्विचवर चालतो तो १९८५ चा मूळ खेळच आहे, आणि जपान-अमेरिकेच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेम. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे होते, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. अशा टीव्हींसाठी निन्टेन्डोच्या यंत्राचे जे नकली संच बनत त्यांच्यात ५० फ्रेम देणारी चिप असे. मारिओचं सगळं गणित फ्रेमवर बांधलेलं आहे. एका फ्रेमला किती सरकायचं, उडीत किती फ्रेम हवेत राहायचं, वरच्या कोपऱ्यातला वेळ किती फ्रेमनी एकाने कमी करायचा, सगळं. फ्रेम कमी झाल्या की खेळ सुमारे १७ टक्के मंदावतो. उडीची उंची आणि लांबी तीच राहते, फक्त बोटांना विचार करायला जास्त वेळ मिळतो.

तुमचा संच माळ्यावर असेल तर खात्री करून घ्या. या खेळात वेळेचा आकडा दर २४ फ्रेमना एकाने उतरतो. पहिली लेव्हल सुरू करा आणि जागेवरून हलू नका. तिथे उभं राहिल्याने मारिओला काही होत नाही. आकडा ४०० वरून ३०० वर येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. ४० सेकंद लागले तर संच ६० चा, ४८ लागले तर ५० चा. ही चाचणी याच मूळ खेळाच्या नव्या आवृत्तीला, एम्युलेटरला (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला) किंवा यूट्यूबवरच्या रेकॉर्डिंगलाही लागू पडते.

तुम्हाला संगीतही जलद वाटत असेल, पण सूर चढलेला वाटणार नाही. कारण या नकली संचांच्या प्रोसेसरचा वेग मूळ यंत्राच्या फार जवळ ठेवलेला असे: १.७९ मेगाहर्ट्झच्या जागी १.७७. स्वराची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते आणि चालीची गती फ्रेमवर. म्हणून आपल्या आठवणीतला मारिओ सूर तोच, लय विलंबित असा आहे.

तीच लय परत हवी असेल तर स्विचवर इलाज नाही. संगणकावरच्या मेसेन या एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडताना ‘डेंडी’ हा पर्याय येतो. रशियात खपलेल्या अशाच नकली संचाचं ते नाव, आणि तो ५० फ्रेमचा हिशेब अचूक पाळतो. मात्र मॉनिटर किंवा टीव्हीही ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर लावा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ५० फ्रेम दाखवायच्या तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि पळताना मागचं दृश्य उचक्या देतं.

हा घोळ मोठ्या कंपन्यांनीही घातला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सोनीने प्लेस्टेशन क्लासिक काढला, त्यातल्या २० पैकी ९ खेळ युरोपातल्या ५० फ्रेमच्या आवृत्तीचे होते. टेकन ३ सुद्धा. ६० फ्रेमच्या आवृत्त्या अस्तित्वात असताना हे का करावं, याचं पटेल असं उत्तर आम्हाला सुचत नाही.

नवीन ५५ इंची टीव्हीवर उडी उशिरा लागते. बटन दाबतो आणि मारिओ कडेवरून खाली गेल्यावर उडायला बघतो. कंट्रोलर बदलून पाहिला, फरक नाही. (पुणे)

कंट्रोलरवर पैसे घालण्याआधी उशीर मोजा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमचा पर्याय असतो. अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल उभा करा, दहा-बारा उड्या मारा. मग रेकॉर्डिंग फ्रेमफ्रेमने पुढे सरकवत बटन पूर्ण दबल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. मोबाइलच्या ४ फ्रेम म्हणजे खेळाची १. मोबाइलवर २४ फ्रेम भरल्या तर उशीर १०० मिलिसेकंद, खेळाच्या भाषेत ६ फ्रेम. मारिओ पूर्ण वेगात फ्रेमला अडीच पिक्सेल धावतो, म्हणजे ६ फ्रेममध्ये १५ पिक्सेल. वीट १६ पिक्सेलची आहे. तुम्ही कडेवर दाबलेली उडी जवळपास एक वीट पुढे जाऊन लागते, तोवर खाली जमीन नसते.

सगळ्यात मोठा चोर टीव्हीच असतो. चित्र गुळगुळीत करण्यासाठी तो काही फ्रेम साठवून ठेवतो आणि मगच दाखवतो. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. तो बहुतेक टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय सॉकेटसाठी वेगळा चालू करावा लागतो, हे लोक विसरतात. हालचाल मऊ करणारे आणि खरखर काढणारे पर्याय बंद करा. कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये साउंडबार जोडला असेल तर कन्सोलची वायर थेट टीव्हीत घाला. कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर वायरने जोडून पुन्हा मोजा. प्रत्येक बदलानंतर मोजायचं, सगळे एकदम करायचे नाहीत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

संगणकावर रेट्रोआर्क (अनेक एम्युलेटर एकाच ठिकाणी चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर आणखी एक हत्यार हाती आहे, ‘रन-अहेड’. खेळाच्या स्वतःच्या कोडमध्येच एक-दोन फ्रेमचा उशीर असतो: बटन या फ्रेमला वाचलं, हालचाल पुढच्या किंवा त्यापुढच्या फ्रेमला. रन-अहेड त्या फ्रेम पडद्याआड चालवून थेट पुढचा निकाल दाखवतो. किती फ्रेम द्यायच्या ते असं ठरवा: खेळ ‘पी’ कळीने थांबवा, उडीचं बटन दाबून धरा आणि ‘के’ कळीने एकेक फ्रेम पुढे न्या. नायक तिसऱ्या फ्रेमला हलला तर आधीच्या दोन रिकाम्या गेल्या, तेवढ्याच काढा. लोभाने जास्त दिल्या तर हालचालीच्या सुरुवातीच्या फ्रेम गिळल्या जातात आणि पात्र झटके देत उडतं. आवाज कडकडायला लागला तर त्याच पानावर दुसरी प्रत वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. प्रोसेसरवर भार वाढतो; जुन्या लॅपटॉपला पेलला नाही तर एक फ्रेम कमी करा.

फुल एचडी टीव्हीवर जुने खेळ पडदाभर केले की सरकताना विटांच्या रेषा थरथरतात. शिवाय शत्रू जास्त झाले की लुकलुकतात. दोन्ही दोष नव्या आवृत्तीचे का? (सोलापूर)

पहिला नव्याचा, दुसरा मूळ यंत्राचा.

मूळ चित्र २५६ × २४० पिक्सेलचं. फुल एचडीची उंची १०८०, म्हणजे साडेचारपट. अर्धा पिक्सेल काढता येत नसल्याने काही ओळी ४ जाडीच्या होतात, काही ५ च्या, आणि चित्र उभं सरकलं की त्या जाड्या जागा बदलतात. आडव्यातही तेच होतं. सेटिंगमध्ये पूर्णांक पट निवडा: ४ पट केलं की चित्र ९६० उंच होतं आणि वर-खाली ६० ओळींची काळी पट्टी राहते. ४के टीव्हीवर २४० ची बरोबर ९ पट होते, तिथे हा प्रश्नच नाही. रुंदीचं गणित वेगळं. जुन्या टीव्हीवर हे पिक्सेल चौकोनी नसत, रुंदी-उंचीचं प्रमाण ८:७ असे. चौकोनी पिक्सेल ठेवले तर मारिओ सडपातळ दिसतो. प्रमाण बरोबर हवं आणि थरथरही नको, तर आधी पूर्णांक पटीने मोठं करून मग हलकेच मऊ करत बसवणारा फिल्टर घ्या. रेट्रोआर्कमध्ये त्याचं नाव ‘शार्प बायलिनियर’.

लुकलुकण्याचं कारण असं की ते यंत्र एका आडव्या ओळीत फक्त ८ हलती चित्रं काढू शकतं, पडद्यावर एकूण ६४. नववं आलं की ते गायब. कायम तेच गायब होऊ नये म्हणून खेळ लिहिणारे दर फ्रेमला क्रम फिरवत, त्यातून लुकलुक होई. नव्या संग्रहांत ही मर्यादा काढण्याचा पर्याय कधीकधी असतो. तो डोळे झाकून चालू करू नका. काही खेळांनी याच मर्यादेचा पडद्यासारखा वापर केला आहे. कॅसलवेनिया २ मध्ये दलदलीत नायकाचे पाय बुडालेले दिसतात ते ओळीत आठ रिकामी चित्रं भरून. मर्यादा काढली की तो चिखलावर उभा दिसतो. सॉनिकच्या पहिल्या लेव्हलमधला धबधबाही तसाच. उभ्या रेघा एकाआड एक काढलेल्या आहेत, जुन्या टीव्हीची वायर त्या मिसळून पाणी पारदर्शक करायची. स्वच्छ एचडीएमआयवर त्या नुसत्या रेघा दिसतात. तिथे जुन्या टीव्हीचा फिल्टर लावणं हा चोचला नव्हे, चित्रकाराला तेच अपेक्षित होतं.

मी गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉनिकसारखा खेळ शिकण्यासाठी बनवतोय. नेटवर मिळालेले गतीचे आकडे जसेच्या तसे घातले, तरी उडी मूळ खेळापेक्षा थोडी बुटकी आहे. काही ठिकाणी कडेवर उभं राहिलं की घसरतो. कुठे चुकतंय? (नाशिक)

तुमचे आकडे बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, क्रम चुकला असेल. हे सविस्तर लिहितो, कारण व्यावसायिक आवृत्त्यासुद्धा इथेच आपटतात.

१९९१ च्या सॉनिकमध्ये उडीचा आरंभवेग फ्रेमला ६.५ पिक्सेल आणि गुरुत्व फ्रेमला ०.२१८७५. हा विचित्र अपूर्णांक म्हणजे २५६ पैकी ५६. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावरच्या कोडमध्ये पिक्सेलचे २५६ भाग करून सगळं पूर्णांकात मोजलं जातं. गोडोमध्ये सेकंदाच्या मापात हे ३९० आणि ७८७.५ होतात. आता बघा. मूळ कोड आधी जुन्या वेगाने पात्र हलवतो आणि नंतर वेगातून गुरुत्व वजा करतो. अशी बेरीज केली तर उडी ९९.८ पिक्सेल उंच जाते. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये आधी गुरुत्व लावून मग हलवण्याचा आदेश देतात. तेच आकडे, पण उंची ९३.३. साडेसहा पिक्सेल नुसत्या दोन ओळींच्या क्रमाने गेले. हलवण्याचा आदेश गुरुत्वाच्या ओळीच्या वर न्या.

उडीचं बटन सोडल्यावर काय होतं तेही तपासा. वर जाण्याचा वेग ४ पेक्षा जास्त असेल तर सॉनिक तो एकदम ४ वर आणतो, निम्म्यावर नाही आणि शून्यावरही नाही. छोट्या उड्या परक्या वाटतात त्या बहुधा यामुळे.

फिजिक्सचे ठोके, म्हणजे हालचालीचा हिशेब, सेकंदाला ६० च ठेवा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी ठोके वाढवले की वरची बेरीज बदलते आणि उंचीही बदलते. चित्र गुळगुळीत हवं तर गोडो ४.३ पासून द्विमितीय खेळांसाठी मधल्या स्थिती काढून देण्याची सोय आहे. मात्र ती थोडा उशीर वाढवते, म्हणून खेळाडूला बंद करता आली पाहिजे. पडदा ताणण्याच्या सेटिंगमध्ये ४.२ पासून पूर्णांक पटीचा पर्याय आहे, टेक्स्चरचा फिल्टर ‘निअरेस्ट’ ठेवा.

कडेवरची घसरण आकारामुळे. तुम्ही टक्करीसाठी कॅप्सूल वापरला असणार. त्याचं बूड गोल, कडेवर टेकलं की उतार मिळतो. आयत घ्या. हीच गोष्ट २०१७ च्या क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजीत झाली. व्हिकेरियस व्हिजन्स या कंपनीने खेळ नव्याने बांधले, टक्करीचा आकार गोळीसारखा झाला, पडण्याचा वेग वाढला आणि तिन्ही भागांच्या हाताळणीचा पाया तिसऱ्या भागावरून घेतला गेला. पहिल्या भागाचे पूल मात्र पहिल्या भागाच्या उडीसाठी मोजून ठेवलेले होते. चित्रं देखणी झाली आणि लोक दोरीच्या पुलावर जीव गमावत बसले. कंपनीने हा बदल नंतर स्वतः मान्य केला. त्याहून जुनं उदाहरण निन्टेन्डोचंच आहे: १९९३ च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्स या संग्रहात पहिल्या खेळातली वीट डोक्याने फोडली की मारिओ खाली यायच्या ऐवजी वरच जात राहतो. घरच्याच कंपनीने, आठ वर्षांत, आपलाच खेळ पुन्हा लिहिताना ही चूक केली.

पडदा रुंद करणार असाल तर आणखी दोन गोष्टी. मूळ चित्र ३२० रुंद. सॉनिक मधोमध असताना पुढे १६० पिक्सेल दिसतात. फ्रेमला ६ पिक्सेलच्या वेगाने ते २७ फ्रेममध्ये संपतात, म्हणजे काटे दिसल्यापासून जेमतेम ०.४४ सेकंद. ४२४ रुंदीवर हाच वेळ ०.५९ सेकंद होतो, खेळ आपोआप सोपा. उलट २००६ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आणलेल्या सॉनिकला २४० रुंदी मिळाली, म्हणजे ०.३३ सेकंद, त्या आवृत्तीच्या बदनामीला मंद चालण्याबरोबर हेही कारण होतं. दुसरी गोष्ट, शत्रू पडद्याच्या कडेजवळ आले की जागे होतात. कड लांब नेली आणि जागं होण्याची सीमा तिथेच ठेवली तर ते डोळ्यांसमोर हवेतून प्रकटतात. सीमा हलवली तर ते लवकर चालायला लागतात आणि तुम्ही पोचता तेव्हा भलत्याच जागी असतात. हे लेव्हल-लेव्हल बघूनच सुधारावं लागतं.

कड सुटल्यावरही क्षणभर उडी लागू देण्याची सवलत हल्लीच्या खेळांत असते; २०१८ च्या सेलेस्टमध्ये ती ०.१ सेकंद, म्हणजे ६ फ्रेम आहे. ती जुन्या लेव्हलवर लादू नका. सॉनिकच्या वेगाने ६ फ्रेम म्हणजे ३६ पिक्सेल, दोन विटांहून जास्त लांब दरी ओलांडता येते आणि जिथे पोचू नये म्हणून आखलं होतं तिथे लोक पोचतात. पर्याय म्हणून द्या, सुरुवातीला बंद ठेवून.

आणि प्रकाशित करताना उडीचं गणित घ्या, सॉनिकचं नाव, चित्र, संगीत घेऊ नका.

अल्लादीन, डकटेल्स, प्रिन्स ऑफ पर्शिया… काही खेळ नव्याने येतात, काही येत नाहीत, काही येऊन गायब होतात. यामागे काही नियम आहे का? (पणजी)

नियम एकच, कागद कोणाकडे आहेत. खेळ बनवणारा एक, पात्राचा मालक दुसरा, संगीताचा तिसरा असला की तिघांच्या सह्या लागतात. अल्लादीनचे १९९३ मध्ये दोन पूर्णपणे वेगळे खेळ निघाले: सेगासाठी व्हर्जिनचा आणि सुपर निन्टेन्डोसाठी कॅपकॉमचा. आपल्याकडे संगणकावर जो खेळला गेला तो सेगाच्या वंशातला. डिस्नेच्या जुन्या खेळांच्या २०१९ च्या संग्रहात तोच आला, लायन किंगसोबत. कॅपकॉमचा यायला २०२१ उजाडलं. २०१९ च्या संग्रहासाठी तो बनवणाऱ्या डिजिटल इक्लिप्सला सेगाच्या अल्लादीनचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला प्रोग्रॅम) मिळाला होता, म्हणून त्यात ‘फायनल कट’ नावाची चुका सुधारलेली आवृत्ती देता आली. हे भाग्य विरळा.

डकटेल्सची २०१३ ची नवी आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये दुकानांतून उतरवली आणि मार्च २०२० मध्ये परत आली. ‘सॉनिक ३’ हा खेळ जून २०२२ च्या सॉनिक ओरिजिन्स या संग्रहात आला खरा, पण कार्निव्हल नाइट, आइस कॅप आणि लाँच बेस या विभागांचं संगीत बदललेलं आहे. १९९७ च्या पीसी आवृत्तीतही ते बदललेलंच होतं. ओरिजिन्स येण्याआधी सेगाने जुने सॉनिक सुटे विकणं बंद केलं, ते आम्हाला मुळीच आवडलं नाही. निन्टेन्डोनेही सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स १८ सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ एवढ्याच मुदतीत विकला. मारिओच्या कोणत्याही कागदावर दुसऱ्या कोणाची सही लागत नव्हती. तिथे कारण फक्त विक्रीचं.

कोड हरवणं ही वेगळी अडचण. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये अ‍ॅपल २ साठी लिहिलेल्या प्रिन्स ऑफ पर्शियाचा सोर्स हरवला असंच समजलं जात होतं. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात साडेतीन इंची डिस्क सापडल्या, जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये कोड सर्वांसाठी खुला झाला. आपल्या कॉम्प्युटर क्लासमधला प्रिन्स मात्र डॉसचा. त्याचा यंत्रकोड उलगडून लिहिलेली एसडीएलपॉप ही खुली आवृत्ती आजच्या संगणकावर चालते, आणि जुन्या चुका ठेवायच्या की दुरुस्त करायच्या हे तुम्हाला निवडता येतं. असे अपवाद सोडले तर चित्र उदास आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा विकत मिळत नव्हते.

माळ्यावर टीव्ही गेमच्या पंधरा-वीस कॅसेट सापडल्या. त्यांतले खेळ संगणकावर उतरवून घेता येतील का? कायद्याने चालतं का? (कोल्हापूर)

आधी कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला खराब होण्या-हरवण्यापासून बचाव म्हणून बॅकअप प्रत करता येते. अडचण ‘कायदेशीरपणे’ या शब्दाची आहे. आपल्याकडच्या ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेट मुळातच विनापरवाना नकला होत्या, त्यांना ही सवलत लागू होईल असं धरून चालू नका. अस्सल कॅसेटची स्वतःपुरती प्रत ही एक गोष्ट. ती फाइल गटावर टाकणं दुसरी.

आता कृती. कॅसेट उघडता आली तर उत्तम, नाहीतर खाचेतून ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, काळं येणं थांबेपर्यंत. वाळायला दहा मिनिटं द्या. फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने तांबं गंजतं. कॅसेटला ६० पिना आहेत की ७२ ते मोजा. आपल्याकडच्या बहुतेक ६० पिनांच्या, जपानी धाटणीच्या. त्यानुसार अडॅप्टर घ्या. अर्डुइनो मेगा २५६० या छोट्या सर्किट बोर्डवर बांधलेले खुल्या आराखड्याचे रीडर मिळतात. व्होल्टेज ५ वर आहे ना ते बघा, कारण हेच रीडर ३.३ व्होल्टच्या कॅसेटसाठीही वापरतात.

प्रत्येक कॅसेट दोनदा वाचा आणि सीआरसी ३२ (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळतो का पाहा. न जुळल्यास पिना पुन्हा पुसा, सॉफ्टवेअरला दोष नंतर. सुपर मारिओ ब्रदर्स असेल तर फाइल बरोबर ४०,९७६ बाइट भरली पाहिजे: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, ८ किलोबाइट चित्रं आणि सुरुवातीला १६ बाइटचं हेडर. हे हेडर कॅसेटमध्ये नसतं, वाचताना तुम्ही जोडता, म्हणून चुका तिथेच होतात. या खेळासाठी मॅपर (कॅसेटमधल्या चिपांच्या जोडणीचा क्रमांक) ० आणि मिररिंग (पडद्याबाहेरचं चित्र कसं मांडायचं ते) उभं. मिररिंग आडवं लागलं तर पहिला पडदा ठीक दिसतो आणि पुढे सरकताच चित्र दुभंगतं.

उघडल्यावर आत चौकोनी चिपांऐवजी डांबरासारखा काळा गोळा दिसला तर ती नकली पाटी. एकाच खेळाची असेल तर वाचता येते. अनेक खेळांची असेल तर खेळ बदलण्याची तिची पद्धत अनेकदा कुठल्याच प्रमाणित मॅपरशी जुळत नाही, आणि फक्त मेनू उतरून येतो. तिथे वेळ घालवू नका, ते खेळ रीतसर संग्रहांत शोधा.

मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला हे खेळ आवडतात पण तीनदा मेला की रडतो. सोप्या आवृत्त्या द्याव्यात का? (न्यू जर्सी)

सोपी आवृत्ती शोधण्यापेक्षा खेळ मागे फिरवण्याची किंवा जीव न मोजण्याची सोय असलेली शोधा. सॉनिक ओरिजिन्सच्या अ‍ॅनिव्हर्सरी मोडमध्ये पडदा रुंद आहे आणि जीव मोजलेच जात नाहीत. क्लासिक मोडमध्ये दोन्ही जुन्यासारखं. लायन किंग त्याला लगेच देऊ नका, त्याची दुसरी लेव्हल मोठ्यांनाही रडवते. द्यायचाच तर २०१९ चा संग्रह द्या: त्यात खेळ मागे फिरवता येतो, आणि पूर्ण खेळाचं रेकॉर्डिंग चालू करून हवं तिथे कंट्रोलर हातात घेता येतो.

मागे फिरवण्याचं बटन त्याच्या अंगठ्याखाली ठेवू नका. ते तुमच्याकडे ठेवा आणि त्याने ‘आई, मागे घे’ म्हटल्यावर फक्त त्या एका उडीपुरतं, दोन-तीन सेकंद मागे घ्या. पूर्ण लेव्हल मागे नेली तर तो खड्ड्यापर्यंत पोचेतो उडी कुठे चुकली हेच विसरतो.